अकरावी सायन्सला मराठी माध्यमाची मुलगी नेमकी कुठे अडते?

प्रश्न : माझी मुलगी गावातल्या मराठी शाळेतून दहावीला ९१ टक्के मिळवून पास झाली. तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. पहिल्या चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ८ गुण पडले. ‘प्रश्नात काय विचारलंय तेच कळत नाही,’ असं म्हणते. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला, उपयोग झाला नाही. आर्ट्सला बदलून घ्यावं का?
– एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नमस्कार. आर्ट्सचा विचार सध्या बाजूला ठेवा. मुलीला इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची ओढ असती, तर खुशाल जाऊ द्या म्हटलं असतं. पण तुमच्या पत्रात तसं काही नाही. नुसत्या भाषेच्या धास्तीने शाखा बदलू नका. गुरुत्वाकर्षण, मुक्तिवेग, भिंगं हे सगळं ती दहावीला मराठीतून शिकली आहे आणि ते कुठेही गेलेलं नाही.

स्पोकनच्या क्लासने फिजिक्स सुधारणार नव्हतंच. बोलायचं इंग्रजी वेगळं, विषयाचं वेगळं. कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांनी तिथल्या स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून हे मांडलं. रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा मुलांना साधारण २ वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतरांची बरोबरी करायला ५ ते ७ वर्षं लागतात. आकडा ऐकून घाबरू नका. पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते, हेही त्यांचंच म्हणणं आहे. तुमच्या मुलीचं भांडवल तेच आहे.

ती अडते कुठे, ते बघा. फिजिक्सच्या गणितात ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ही किंमत आकड्यात कुठेच दिलेली नसते, ती त्या तीन शब्दांत असते. ‘स्मूथ सरफेस’ म्हणजे घर्षण धरायचं नाही. ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे दोरीचं वस्तुमान सोडून द्यायचं. मुलगी डिक्शनरीत ‘लाइट’ शोधते, तिथे ‘उजेड’ सापडतो आणि गणित तिथेच थांबतं. केमिस्ट्रीत ‘इन एक्सेस’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त, गणितात ‘अ‍ॅट लीस्ट’ म्हणजे कमीत कमी, सगळीकडे हाच प्रकार. ‘सोल्यूशन’ म्हणजे केमिस्ट्रीत द्रावण, गणितात उकल. ‘सेल’ म्हणजे बायोलॉजीत पेशी, फिजिक्समध्ये विद्युतघट. म्हणून शब्दांची एकच सरमिसळ वही नको. प्रत्येक विषयाच्या वहीची शेवटची पानं यासाठी ठेवायची आणि शब्द सुटा न लिहिता, ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवून घ्यायचं.

दुसरं काम फुकटात होणारं आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक पीडीएफमध्ये मिळतं. धडे तेच, क्रम तोच, आकृत्या त्याच. तिने आपलं मराठी पुस्तक शेजारी उघडून रोज दोन पानं वाचावीत. आशय आधीच माहीत असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं. अकरावीचा नवा धडा नव्या भाषेत वाचताना ही सवड मिळत नाही.

तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. रात्री जेवण झालं की आज वर्गात काय झालं ते तिच्याकडून मराठीत समजून घ्या. मध्येच ‘असं का?’ म्हणून विचारा. मग तेच तिने पुस्तक मिटून इंग्रजीत चार-पाच ओळींत लिहावं. व्याकरण चुकलं तरी आधी ‘बिकॉज’, ‘देअरफोर’, ‘व्हेअरॅज’ जागच्या जागी येऊ द्या. कारण सांगणं, निष्कर्ष काढणं, फरक दाखवणं या गोष्टींवरच गुण असतात. ते चार-पाच ओळींचं लिखाण तिने आठवड्यातून एकदा कॉलेजातल्या सरांना दाखवावं. मला विचाराल तर ही जबाबदारी खरं म्हणजे प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची आहे. फळ्यावर व्याख्या लिहून देताना तिच्यातलं एखादं वाक्य उलगडून सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि वर्गात तुमच्या मुलीसारखी कितीतरी मुलं असतात. सरांना भेटून हे नम्रपणे सांगा.

नीट आणि जेईई मेनचे पेपर मराठीतूनही देता येतात. तो निर्णय आज घ्यायची गरज नाही. बरंचसं तयारीचं साहित्य इंग्रजीत असतं, पुढे एमबीबीएसला गेली तरी इंग्रजी पुस्तकं चुकत नाहीत. मात्र ही वाट आहे हे तिला आजच सांगा, मनावरचं ओझं हलकं होईल.

स्पोकनच्या क्लासची पुढची फी भरू नका. सहामाहीचे पेपर हातात आले की तिच्यासोबत बसा आणि प्रत्येक चुकीपुढे खूण करायला सांगा: प्रश्न कळला नाही, की उत्तर येत नव्हतं? ते मला कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.