पेप्टाइडचे दावे : पुरावा कसा तपासायचा?

प्रश्न : गुडघा दोन वर्षं दुखतोय. जिममधले प्रशिक्षक बीपीसी-१५७ ची इंजेक्शनं घ्या म्हणतात. "यावर ढीगभर शोधनिबंध आहेत," असं त्यांचं म्हणणं. घेऊ का?

घेऊ नका. निबंध पुष्कळ आहेत हे खरं, पण ते कोणावर झाले ते आधी पाहा. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, छोटी साखळी. बीपीसी-१५७ या १५ अमिनो आम्लांच्या साखळीवरचं बहुतेक काम उंदरांवर झालंय, आणि त्यातलं बरंचसं क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच गटाने केलंय. वेगळ्या प्रयोगशाळेत, वेगळ्या हातांनी तोच निकाल पुन्हा आला तरच त्याला वजन येतं. शिवाय या प्रयोगांत बऱ्याचदा धडधाकट उंदराचा स्नायूबंध कापून तो भरून येताना मोजतात. वर्षानुवर्षं झिजलेल्या कूर्चेची गोष्ट निराळी.

गुडघेदुखीसाठी माणसांवरचा जो अभ्यास दाखवतात, तो २०२१ मधला, १६ रुग्णांचा. औषध थेट सांध्यात दिलं आणि नंतर कसं वाटतं ते विचारलं. बहुतेकांनी बरं वाटतं म्हणून सांगितलं. पण तुलनेला नुसतं सलाइन दिलेला गटच नव्हता, आणि इथेच सगळं अडतं. गुडघेदुखी कमीजास्त होत असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, त्यामुळे पुढे ते थोडं उतरणारच. त्यात सांध्यात नुसतं सलाइन दिलं तरी अनेकांना आराम वाटतो. यातलं औषधाचं श्रेय किती, हे अशा अभ्यासातून काढताच येत नाही. जिममध्ये तर हे पोटाच्या कातडीखाली टोचतात, म्हणजे तो १६ जणांचा आधारही तुमच्या कामाचा नाही.

औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने हे कोणत्याही आजारासाठी मंजूर केलेलं नाही. स्पर्धेत उतरत असाल तर हेही ध्यानात ठेवा : जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून यावर बंदी घातली आहे.

प्रश्न : कुपीसोबत "९९ टक्के शुद्ध" असा प्रयोगशाळेचा अहवाल मिळतो. मग भीती कसली?

हा आकडा एचपीएलसी चाचणीचा असतो. तीत मिश्रणातले पदार्थ वेगळे होतात आणि आलेखावर प्रत्येकाचं एक शिखर दिसतं. यंत्राला दिसलेल्या पदार्थांत मुख्य शिखराचा वाटा किती, एवढंच तो सांगतो. पावडरीतलं पाणी आणि क्षार त्यात धरलेले नसतात, म्हणून ५ मिलिग्रॅमच्या कुपीत प्रत्यक्ष पेप्टाइड कमी भरू शकतं. जिवाणूंची विषद्रव्यं तर या चाचणीत दिसतच नाहीत. ताप आणि थंडी वाजून येते ती त्यांच्यामुळे. म्हणून अहवालात चार गोष्टी शोधा : कुपीवरचाच बॅच क्रमांक, मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजलेला रेणूभार, एंडोटॉक्सिनची (म्हणजे वर सांगितलेल्या जिवाणूंच्या विषद्रव्यांची) पातळी आणि निर्जंतुकतेची चाचणी. चारही असल्या तरी कुपीत काय आहे एवढंच कळतं. त्याने गुडघा बरा होतो हे त्यातून सिद्ध होत नाही.

प्रश्न : कोलाजेन (त्वचेतलं प्रथिन) पेप्टाइडच्या पावडरीने सुरकुत्या कमी होतात का?

२०२५ मध्ये २३ चाचण्या आणि १,४७४ सहभागी एकत्र धरून विश्लेषण झालं. सगळ्यांची गोळाबेरीज केली तर फायदा दिसला. पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा तो दिसेना. उत्तम दर्जाच्या चाचण्यांतही तेच. पावडर खाल्ल्यावर कोलाजेनचे बारीक तुकडे रक्तात सापडतात, ही जाहिरातीतली गोष्ट खरी आहे, पण रक्तात सापडणं आणि सुरकुती जाणं यांत फार अंतर आहे.

प्रश्न : सेमाग्लुटाइड या वजन उतरवण्याच्या औषधाने हृदयविकाराचा धोका २० टक्क्यांनी घटतो म्हणतात. माझ्या भावाचं वय ३८, वजन जास्त, हृदय ठणठणीत. त्याला सुरू करावं का?

सेमाग्लुटाइडही पेप्टाइडच, पण त्यामागचा पुरावा भक्कम आहे. २०२३ च्या 'सिलेक्ट' चाचणीत १७,६०४ जण होते आणि कोणाला औषध, कोणाला प्लासिबो (औषध नसलेलं, पण तसंच दिसणारं इंजेक्शन) हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं होतं. सुमारे ४० महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू हे प्लासिबो गटात १०० पैकी ८ जणांच्या वाट्याला आले, औषधाच्या गटात ६.५ जणांच्या. २० टक्के म्हणतात ते हेच. म्हणजे साधारण ६७ जणांनी औषध घेतलं की एकाचं संकट टळतं. त्रासामुळे औषध सोडणारे १६.६ टक्के होते, प्लासिबो गटात ८.२ टक्के.

पण हे सगळे ४५ वर्षांपुढचे, आधीच हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेले आणि मधुमेह नसलेले होते. तुमचा भाऊ त्यांत बसत नाही; त्याचा मुळातला धोका कमी, म्हणून हृदयाला होणारा फायदाही १०० त दीडपेक्षा बराच कमी असणार. वजन उतरवण्यासाठी औषध घ्यायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याला वेगळा पुरावा आहे, आणि त्याबद्दल भावाने आपली साखर, रक्तदाब नि यकृताच्या तपासण्या समोर ठेवून डॉक्टरांशी बोलावं.