पाच किलोवॅटचं सोलर थांबू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

पत्र उचगावच्या एका वाचकांचं आहे. वय ५२, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत नोकरी, हातात येणारा पगार ४६ हजार, निवृत्ती ५८ ला. घराच्या स्लॅबवर सोलर बसवायचं म्हणून एका व्हेंडरचा माणूस सर्व्हेला आला. एका बिलाचा फोटो काढला, दहा मिनिटांत 'पाच किलोवॅट लागेल' म्हणाला आणि तीन लाखांचं कोटेशन पाठवून दिलं. वाचकांना हे पटलेलं नाही. त्यांनी विचारलंय, "हा सर्व्हे चुकीचा वाटतो. दुसऱ्याकडून करून घेतला तर सबसिडी अडकेल का? तक्रार कुठे करायची?"

ही केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी, ती अडकणार नाही. त्याकडे वळतोच, पण पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात जाता जाता लिहिलेली एक ओळ मला जास्त गंभीर वाटते: "व्हेंडरनेच फायनान्सवाला आणला. त्याने कर्जाला कव्हर म्हणून एक पॉलिसी पण दिली, वर्षाला ६० हजार, १२ वर्षं भरायचे, १५ व्या वर्षी ११ लाख मिळतील. पहिला हप्ता बचतीतून भरला, सबसिडी आली की भरून निघेल असं म्हणाले. पॉलिसी मेलवर येऊन १९ दिवस झाले."

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न विचारता परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. १९ दिवस गेले, ११ उरले. म्हणून उत्तराचा हा भाग पत्र मिळालं त्याच दिवशी वाचकांना मेलने कळवला आहे.

परत का करायची ते आकड्यांत बघा. बारा वर्षांत ७ लाख २० हजार भरायचे आणि पंधराव्या वर्षी ११ लाख घ्यायचे, म्हणजे परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. त्या ११ लाखांतही काही भाग बोनस धरून सांगितलेला असणार, ज्याची हमी नसते. हेच ६० हजार तसेच बारा वर्षं पीपीएफमध्ये भरले आणि पंधराव्या वर्षापर्यंत ठेवले, तर आजच्या ७.१ टक्के दराने १४ लाखांच्या वर जातात. तीन लाखांचा फरक, तोही जोखीम न घेता.

दुसरी अडचण याहून मोठी. हप्ते वयाच्या ५२ पासून ६३ पर्यंत आहेत आणि पगार ५८ ला बंद होणार. सहा हप्ते, म्हणजे ३ लाख ६० हजार, निवृत्तीनंतर पीएफच्या पैशातून भरावे लागतील. मध्येच सोडली तर सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्या पैशातला मोठा वाटा जातो. ५२ वर्षांच्या पगारदार माणसाला बारा वर्षांच्या हप्त्याची पॉलिसी विकणाऱ्याने त्याच्या निवृत्तीचं वर्ष विचारलेलं नाही. किंवा विचारून सोडून दिलंय, आणि ते जास्त वाईट.

आता 'कर्जाला कव्हर' हे कारण. कर्ज मंजूर व्हायला पॉलिसी घेणं सक्तीचं नसतं. शिवाय तुमचा पीएफ कापला जातो, म्हणजे ईडीएलआय योजनेचं विमा कव्हर तुम्हाला आपोआप आहे. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते आणि त्यासाठी तुमच्या पगारातून एक रुपयाही जात नाही. तीन लाखांच्या कर्जाला हे कव्हर पुरून उरतं. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरलेलं आहे का, एवढं आज बघून घ्या. मुलीच्या शिक्षणासाठी जास्त कव्हर हवं असेल तर साठीपर्यंतचा निव्वळ टर्म विमा घ्या. त्यात पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तो स्वस्त पडतो.

परत करायची पद्धत साधी आहे, पण कागद नीट करा. अर्ज एजंटकडे देऊ नका, विमा कंपनीच्या कोल्हापुरातल्या शाखेत द्या. त्यात पॉलिसी क्रमांक, पॉलिसी मिळाल्याची तारीख, 'फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे' हे एक वाक्य आणि सोबत रद्द केलेला चेक. पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या आणि तोच अर्ज कंपनीच्या अधिकृत मेलवरही पाठवा. पॉलिसी ज्या मेलने आली तो डिलीट करू नका, ३० दिवसांची मोजणी तिथून होते. जितके दिवस कव्हर चालू होतं तितक्या दिवसांचा विमा खर्च, मुद्रांक शुल्क आणि तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. अर्जापासून सात दिवसांत ते देणं कंपनीवर बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल, आणि महिन्याभरात दाद लागली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

या अकरा दिवसांत एजंटचे फोन येतील. 'पॉलिसी रद्द केली तर सोलरचं कर्ज अडकेल' असं सांगतील. अडकू द्या, कारण ते कर्जही घेण्यासारखं नाही.

'९ टक्के फ्लॅट, पाच वर्षं' असं तुम्ही लिहिलंय. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं व्याज पूर्ण तीन लाखांवर, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. व्याज १ लाख ३५ हजार, हप्ता ७,२५०. नेहमीच्या घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर १६ टक्क्यांच्या आसपास पडतो. हप्ता आणि पॉलिसीचे महिन्याला पाच हजार मिळून सव्वाबारा हजार. वाचणारं बिल दोन हजार. पगाराचा पाव भाग यात गेला तर घरखर्च आणि मुलीची फी कशातून भागवायची?

आता सर्व्हेबद्दल. त्या माणसाने बघितलं ते मे महिन्याचं बिल, ३४० युनिटचं. त्या महिन्यात मुंबईचे भाऊ-भावजय मुलांसह तुमच्याकडे होते, असं तुम्हीच लिहिलंय. वर्षभराची बिलं तुम्ही पाठवलीत हे फार बरं केलंत. एप्रिल २९०, मे ३४०, बाकी दहा महिने दीडशे ते एकशे ऐंशी. वर्षाची बेरीज २,३४० युनिट.

कोल्हापुरात एक किलोवॅटचं सोलर वर्षाला साधारण १,२०० ते १,२५० युनिट देतं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येतं, पण ते या आकड्यात धरलेलं आहे. म्हणजे तुम्हाला दोन किलोवॅट पुरे. पाच किलोवॅट बसवलं तर वर्षाला सहा हजारांवर युनिट तयार होतील आणि ३,७०० च्या आसपास उरतील.

'जादा वीज महावितरणला विकून महिना पाच हजार' हे जे सांगितलंय, ते विसरा. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करून बिल येतं त्या पद्धतीत, जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि ३१ मार्चला उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण घरगुती दराने नाही. तीन रुपये धरा: ३,७०० गुणिले ३, म्हणजे वर्षाला ११ हजार. महिन्याला हजारही नाहीत, आणि तेही वर्षातून एकदा.

पाचचे तीन लाख, त्यातून ७८ हजार सबसिडी वजा जाता २ लाख २२ हजार. दोन किलोवॅट सव्वा लाखाच्या आसपास बसतं, सबसिडी ६० हजार, तुमच्या खिशातून ६५ हजार. पहिल्या शंभर युनिटना सहा आणि पुढच्यांना बारा रुपये असा गोल दर आणि वर वीज शुल्क धरलं, तर तुमच्या वापरात वर्षाला २४ हजारांच्या आसपास वाचतात. दोन किलोवॅटचे पैसे तीन वर्षांत वसूल. वरच्या तीन किलोवॅटसाठी दीड लाखाहून जास्त घालून वर्षाला ११ हजार मिळतात, तेवढे एफडीतही मिळतील. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार आणि तिथे संपते. चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्ण तुमच्या पैशाने.

"महावितरणची मंजुरी आली, म्हणजे पाच बरोबरच असेल ना?" असंही तुम्ही विचारलंय. ती मंजुरी तुमच्या गरजेची नसते. दहा किलोवॅटपर्यंतचे घरगुती अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरले जातात. तुमच्या घराला किती लागेल हे तिथे कुणी बघत नाही, ते बघणं सर्व्हेवाल्याचं काम होतं. काम सुरू झालेलं नाही, करारावर सही नाही. तेव्हा योजनेच्या पोर्टलवरच्या नोंदणीकृत व्हेंडरच्या यादीतून आणखी दोघांना बोलवा आणि दोन किलोवॅटसाठी अर्ज दुरुस्त करा किंवा नव्याने करा. सबसिडी बसवलेल्या क्षमतेवर ठरते आणि नेट मीटर लागून तपासणी झाल्यावर तुमच्याच खात्यात येते. व्हेंडरला आगाऊ दिलेले दहा हजार लेखी मागा, नाही मिळाले तरी त्यांच्यासाठी तीन लाखांत अडकू नका. योजनेची तक्रार १५५५५ वर, मीटर आणि बिलाची महावितरणच्या १९१२ वर.

एक गोष्ट मात्र सबसिडी खरंच अडकवेल. बिल अजून तुमच्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. अर्जदार, वीजग्राहक आणि बँक खातं एकाच नावाचं लागतं. सोलरच्या अर्जाआधी वारसाची कागदपत्रं देऊन कनेक्शन स्वतःच्या नावावर करून घ्या.

नवा सर्व्हेवाला बारा महिन्यांची बिलं मागतो का, ते बघा. सकाळी नऊ आणि दुपारी चारला नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते हे त्याने बघायला हवं. एका पॅनलवर अर्धी सावली पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घसरू शकतं. दोन किलोवॅटला साधारण दोनशे चौरस फूट जागा लागते, पॅनल दक्षिणेकडे कललेली हवीत. वाळवणासाठी स्लॅब मोकळा हवा असेल तर सांगाडा उंच करून घ्या आणि त्याचा जादा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्या. पॅनल देशी सेलची, म्हणजे डीसीआर, नसतील तर सबसिडी मिळत नाही. एसी, डीसी आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं अर्थिंग वेगवेगळं, म्हणजे तीन खड्डे. पाच वर्षांची देखभाल व्हेंडरवर बंधनकारक आहे, ती करारात असू द्या.

कर्ज लागलंच तर केंद्र सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवरून राष्ट्रीयीकृत बँकेचं घ्या. तीन किलोवॅटपर्यंतच्या सोलरला दोन लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, दर सहा-सात टक्के. पॉलिसीचे पैसे परत आले की तुमची बचत पुन्हा १ लाख ४० हजारांच्या घरात जाईल, तिच्यातून फार तर कर्जाआधीचे दहा टक्के काढा, बाकीला हात लावू नका. सव्वा लाखात दहा टक्के तुमचे, बाकी कर्ज, आणि सबसिडी आली की ६० हजार कर्जात भरा. उरलेल्या पन्नास-बावन्न हजारांचा तीन वर्षांचा हप्ता सोळाशेच्या आसपास येतो, वाचलेल्या बिलातून निघतो.

हंगामात साखर कारखान्याची काजळी आणि एरवी शिरोलीकडची धूळ पॅनलवर बसते, तेव्हा दर पंधरा दिवसांनी सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने धुवा. नेट मीटर लागल्यावर पहिल्या दोन बिलांत ग्रिडला दिलेले युनिट मीटरवरच्या आकड्याशी ताडून बघा. शून्य दिसले तर दुसऱ्याच दिवशी उपविभाग कार्यालयात लेखी द्या.