शनिवारचा धूर

बाळ, सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा काल रात्री वाचून काढला. पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानापासून केलेली सुरुवात छान जमली आहे. पण पुढची सगळी पानं एकट्या गार्सियालाच दिलीस. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य होता, 1563 मध्ये त्याने गोव्यात औषधींवरचा ग्रंथ छापला, हे सगळं आलं. त्याची बहीण कातारीना मात्र एका ओळीत संपली. माझ्या पहिल्या लेखात मीही हेच केलं होतं आणि ते मला अजून टोचतं, म्हणून लिहितोय.

ही गोष्ट एका ज्यू घराची आहे. 31 मार्च 1492 ला फर्मान निघालं: ज्यूंनी जुलैअखेर स्पेन सोडायचा, सोनं-चांदी, नाणी नेता येणार नाहीत. गार्सियाचे आईवडील सीमा ओलांडून पोर्तुगालात गेले. पाचच वर्षांत तिथेही सक्तीचा बाप्तिस्मा आला. 1534 मध्ये गार्सिया गोव्याला आला, पुढे आई आणि बहिणीही आल्या. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, त्यांच्यामागोमाग गोव्यात पोचलं.

बाटवलेल्या घरांत जुना धर्म उरला तो स्वयंपाकघरात. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत हरभरे आणि मांस घातलेलं भांडं मंद आचेवर चढवायचं, म्हणजे शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, चूल पेटवायला नको. डुकराच्या चरबीऐवजी तेल वापरायचं. शनिवारी स्वच्छ कपडे घालायचे. शनिवारी कुणाच्या धुराड्यातून धूर निघत नाही, यावर शेजाऱ्यांचा डोळा असे. ओर्तांच्या घरी हे सगळं होत होतं असं मात्र ठामपणे लिहू नकोस. अशा घरांविरुद्धच्या तक्रारींत हे येतं, इतकंच म्हण.

इथे थोडी थांब. आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी तेलघाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. गावाने त्या शनिवारावरून त्यांना नाव दिलं, छळलं नाही. त्याच किनाऱ्यावर थोडं खाली, गोव्यात, तोच शनिवार जिवावर बेतत होता. हे मनात आलं की मला पुढे लिहवत नाही.

गार्सिया 1568 मध्ये गेला. दुसऱ्या वर्षी इन्क्विझिशनने कातारीनाला जिवंत जाळलं. 1580 मध्ये गार्सियाची हाडं उकरून तीही जाळली. तो मनाने ज्यूच होता असं आपण म्हणतो, ते कशाच्या आधारावर? बहिणीचा कबुलीजबाब आणि तिच्या नवऱ्याची साक्ष. दोन्ही इन्क्विझिशनच्या दप्तरातली, म्हणजे छळणाऱ्यांनीच लिहून घेतलेली. तिथे ‘ती म्हणाली’ असं लिहू नकोस, ‘तिच्याकडून वदवून घेतलं’ असं लिही.

आधी कातारीनाचं पान लिही आणि तेवढंच मला पाठव. बाकीचं मग बघू.