कागद हातात आल्याशिवाय निघू नका

वडिलांना जाऊन दोन महिने झालेत, मिळकत तीन देशांत आहे, परदेशातली नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होतेय. बाकीचं तिकडून निस्तरता येईल का, असं तुम्ही विचारलंत. येईल. मीही तसंच केलं. चार वर्षं लागली, आणि त्यातली बहुतेक धावपळ माझ्या ताईने केली.

अर्ज कुठले, फी किती, हे सरकारी संकेतस्थळांवर मिळेल. तिथे न सापडणारं सांगतो.

आजारपणात बाबांनी मला मुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार, करून दिलं होतं. त्याच्या भरवशावर मी निर्धास्त होतो. पण ते देणारा माणूस गेला, की बहुतेक ठिकाणी ते त्याच क्षणी संपतं. बँकेत हे ऐकलं आणि अंत्यसंस्कारात न आलेलं रडू मला त्या काउंटरवर आलं. तुम्ही निघण्याआधी तुमचं स्वतःचं मुखत्यारपत्र भावंडाच्या किंवा वकिलाच्या नावे करून द्या. तिकडे गेल्यावर त्याच कागदासाठी नोटरी, मग अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) किंवा वकिलातीची वेळ, मग कुरियर.

अपोस्टीलबद्दलही माझा गैरसमज होता. १९६१ च्या हेग करारातला तो शिक्का फक्त सही आणि मोहोर अस्सल असल्याचं सांगतो, मजकूर बरोबर असल्याचं नाही. बाबांचं नाव प्रत्येक देशात वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं. मृत्यूच्या दाखल्यावर अपोस्टील झालं, आणि दाखल्यातलं नाव खात्यातल्या नावाशी जुळेना. एका अक्षरापायी सात महिने! दाखला दुरुस्त होतो तो मृत्यूची नोंद जिथे झाली तिथेच, आणि मी हजारो मैल लांब. त्या कार्यालयात ताई अकरा वेळा गेली. म्हणून दाखल्याच्या भरपूर प्रती आताच काढा, प्रत्येक अक्षर तपासा. भाषांतर सगळ्यात शेवटी. बऱ्याच ठिकाणी अपोस्टीलचंही भाषांतर मागतात.

एका देशाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरची न्यायालयाची मंजुरी, दुसरीकडे आपोआप चालत नाही. युरोपीय संघात, डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून, १७ ऑगस्ट २०१५ पासूनच्या मृत्यूंसाठी एकच वारसा प्रमाणपत्र चालतं. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातल्या अनेक देशांच्या प्रोबेटवर १८९२ च्या कायद्याने तिथली मोहोर मिळते, आणि मग तेच प्रोबेट तिथेही चालतं. बाकी ठिकाणी बहुधा नव्याने सुरुवात.

मुदती मात्र तुमच्या शोकासाठी थांबत नाहीत. अमेरिकी कंपन्यांचे शेअर वगैरे मिळून तिथली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल आणि वडील तिथले नागरिक किंवा रहिवासी नसतील, तरी नऊ महिन्यांत वारसा कराचं विवरण भरावं लागतं. जर्मनीत वारशाबरोबर कर्जही अंगावर येतं. नाकारायला सहा आठवडे, मुदत सुरू होताना वारस जर्मनीबाहेर असेल तर सहा महिने. म्हणजे आधी देणी शोधा, घराच्या किल्ल्या नंतर.

तिकडे एकटेपणा वाटतो का, असंही विचारलंत. वाटतो. सवय होते.

खरं सांगायचं तर माझी नोकरी थांबली असती. सहा आठवडे मागितले असते तर मिळाले असते. मी मागितलेच नाहीत. मला बाबांचं कपाट उघडायचं नव्हतं. त्यांच्या अक्षरातल्या वह्या चाळत कुठे किती पैसे आहेत ते शोधायचं नव्हतं. ‘तिकडून करतो सगळं,’ असं मी ताईला म्हणालो. ती काही बोलली नाही, आणि मी ते होकार धरून विमानात बसलो. तिची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. हे माझ्या लक्षात आलं निकालाच्या दिवशी.

शेवटचं खातं बंद झाल्यावर मी ताईला पूर्ण हिशेब पाठवला. ‘मिळाला,’ एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं आहे.

तुमच्यामागे हे कोण करणार आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या माणसाशी आज बोला, आणि रुजू व्हायची तारीख पुढे नेता येते का, ते उद्या सकाळी विचारा.