जर्मनीत बाल्कनीतून घरात आलेलं लहान तपकिरी झुरळ: पेस्ट कंट्रोल बोलवावं का?

बहुधा नाही. तुम्ही म्हणताय की ते दिवसाउजेडी भिंतीवर निवांत बसलं होतं आणि हात लावायला गेल्यावर उडालं. ही लक्षणं जंगली झुरळाची. तिकडे त्याला बर्नस्टाइन-वाल्डशाबे म्हणतात, म्हणजे अंबरी रंगाचं वनझुरळ. शास्त्रीय नाव एक्टोबियस व्हिटिव्हेंट्रिस. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर.

घरातलं जर्मन झुरळ दिसायला जवळजवळ असंच, म्हणून गोंधळ होतो. डोक्यामागची ढाल बघा. जर्मन झुरळाच्या ढालीवर दोन ठळक काळ्या उभ्या रेघा असतात, याची ढाल सलग तपकिरी आणि कडेला पारदर्शक. शिवाय जर्मन झुरळ दिवा लावला की फटीत पळतं आणि त्याला नीट उडता येत नाही. हे मात्र उलट रात्री दिव्याकडे येतं.

याचं खरं घर म्हणजे जंगलाची कड, झुडपं, कुंपणं आणि खाली साचलेला पालापाचोळा. कुजणारा पाला हेच त्याचं अन्न. मूळचं दक्षिण युरोपातलं, पण गेल्या काही दशकांत आल्प्स ओलांडून उत्तरेकडे पसरलंय. उन्हाळ्याच्या शेवटी बागेला लागून असलेल्या घरांत हमखास शिरतं. आत त्याला ना ओलावा मिळतो ना पाला, त्यामुळे दोन-चार दिवसांत मरतं. घरात पिलावळ होत नाही.

ग्लास पालथा घाला, खाली कागद सरकवा आणि बाहेर सोडा. खिडकीला जाळी बसवली तर उत्तम. आपल्याकडच्यासारखी चप्पल उचलायची गरज नाही!