‘आवृत्ती’ला दोन त, आणि ‘संस्करण’ नको

धरमपेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सोमवारी सकाळी त्यांच्या कार्यालयात संगणक उघडले, तर ब्राउझर नवाच. टॅबचा आकार बदललेला, जपून ठेवलेल्या पानांची यादी भलतीकडे आणि पान ताजं करायचं बटण उजवीकडून डावीकडे गेलेलं. त्यांनी कार्यालयाच्या गटावर लिहिलं, ‘ब्राउझर अद्यावत झाला, पण नव्या व्हर्जनशी ॲडजस्ट व्हायला वेळ लागून राहिला.’ एका सहकाऱ्याने लगेच दुरुस्ती सुचवली: व्हर्जन नको, शुद्ध ‘संस्करण’ लिहा, आवृत्ती फक्त पुस्तकाची असते. ताई विचारतात, आवृत्ती की संस्करण? आणि ‘ॲडजस्ट होणे’ला मराठीत काय म्हणायचं?

‘लागून राहिला’ला कोणी हात लावू नये. ते नागपूरचं बोलणं आहे आणि चालू क्रिया त्यात नेमकी दिसते.

पण ‘अद्यावत’! सूचनाफलकावर, निविदेत, महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात, जिथे पाहावं तिथे एक य गिळलेला. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. दोन्ही शब्द शेजारी आले तरी संधी होत नाही, म्हणून दोन्ही य जागच्या जागी राहतात. अद्ययावत. बस.

आता आवृत्ती. इथे पडतो तो एक त. आ + वृत् + ति, म्हणजे एक त धातूचा आणि दुसरा प्रत्ययाचा. एक गाळून ‘आवृती’ लिहिलं की धातूच बदलतो. वृ म्हणजे झाकणे, आणि अर्थ होतो आच्छादन. वृत् म्हणजे फिरणे, वळणे. आवृत्ती म्हणजे फिरून येणं. गीतेच्या आठव्या अध्यायात आवृत्ती आणि अनावृत्ती हे शब्द येतात, ते जीवाच्या परत येण्या-न येण्याबद्दल. तिथे पुस्तकाच्या छपाईचा काय संबंध? गणेशोत्सवात अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं होतात, तबलजी तालाचं आवर्तन पूर्ण करून समेवर येतो, आणि पेंचच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार याकडे रामटेक-मौद्याकडचे धानवाले डोळे लावून बसतात. सगळीकडे हाच वृत्. ‘आवृत्ती फक्त पुस्तकाची’ म्हणणाऱ्याने हा शब्द छापखान्याच्या दारातूनच पाहिला आहे.

आणि ज्या व्हर्जनला हाकलायला सहकारी निघाले, तो याच आवृत्तीचा सख्खा चुलतभाऊ आहे! लॅटिनमध्ये ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळवणे, फिरवणे. त्यावरून व्हर्जन. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ भाषांतर, म्हणजे मजकूर एका भाषेतून दुसरीकडे वळवलेला. लॅटिन व्हर्तेरे आणि संस्कृत वृत् हे एकाच मूळ धातूचे. म्हणजे व्हर्जनला आवृत्ती म्हणताना आपण पर्यायी शब्द शोधत नाही, घरच्याच माणसाला घरच्या नावाने हाक मारतो. इतका चपखल जोड पारिभाषिक शब्दांत क्वचित सापडतो.

याच घरात आणखी कोण कोण राहतं ते पाहा. देवापुढची वात: वर्ति, वत्ती, वात. माझी आजी सरकी काढलेला कापूस मांडीवर तळहाताने पुढे ढकलायची, दोनदा, तीनदा, आणि पिळदार बारीक वात तयार व्हायची. फिरवून केलेली म्हणून वर्ति. वाट: वर्त्मन्, वट्ट, वाट. वर्त्मन् म्हणजे मुळात चाकं फिरून फिरून पडलेली खूण. आपण तिला चाकोरी म्हणतो. आणि वाटोळं: वर्तुल, वट्टुल, वाटोळं. गोल वस्तू वाटोळी, इथवर सरळ आहे. मग ‘त्याचं वाटोळं झालं’ कुठून आलं? माझं मत असं की तो गोल म्हणजे शून्य. परीक्षेत भोपळा मिळतो तोही गोल, आणि हिशेबात शून्याला पूज्य म्हणत तेही गोल. मराठी माणसाला काहीच न उरणं नेहमी गोल आकारात दिसलं आहे. काही जण वाटोळ्याचा हा अर्थ ‘वाट लागणे’शी नेऊन जोडतात. मला ते पटत नाही; वाट लागते तेव्हा वस्तू हातून निघून जाते, वाटोळं होतं तेव्हा ती जागेवरच शून्य होते. तेव्हा ‘नव्या आवृत्तीने कामाचं वाटोळं केलं’ असं कोणी म्हणालं, तर त्या वाक्यात वृत् दोनदा आला आहे.

एक इशारा मात्र देतो. मध्यंतरी एका व्याख्यानात वक्त्यांनी वळण, वाट, वर्तुळ तिन्ही एकाच धातूत कोंबले. चूक आहे. वळणे हे वल् धातूचं. वात ‘वळतात’ म्हणून वात आणि वळण एका घरचे होत नाहीत. अर्थ शेजारी बसला म्हणून रक्ताचं नातं लावायचं नसतं. ध्वनी कसे बदलत आले ते दाखवावं लागतं.

संस्करणाकडे येतो. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी इथे एका टेबलावर बसत होत्या, म्हणून हिंदीतला संस्कृत शब्द आपल्याला पटकन शुद्ध मराठी वाटतो. हिंदीत पुस्तकाचं आणि सॉफ्टवेअरचं, दोन्हींचं संस्करण निघतं आणि तिथे ते शोभतं. मराठीत नको, आणि केवळ परकं म्हणून नको असं नाही. संस्करणात संस्कार आहे. वस्तू आधीपेक्षा चांगली झाली, हा निवाडा शब्दातच करून ठेवलेला. आवृत्ती असा निवाडा करत नाही, ती फक्त सांगते की वस्तू फिरून आली. सुधारली असेल तर मराठी प्रकाशक वेगळं छापतात: ‘सुधारित आवृत्ती’. हिंदीतही ‘संशोधित संस्करण’ म्हणावं लागतंच, म्हणजे तिथे संस्करणातला संस्कार झिजलाय. मग ते झिजलेलं नाणं आपण कशाला उचलायचं? ब्राउझरच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती २००४ ची, चौथी मार्च २०११ ची, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नववी. पुढे २०२० पासून फायरफॉक्सची आणि २०२१ पासून क्रोमची नवी आवृत्ती चार-चार आठवड्यांनी यायला लागली. दर चार आठवड्यांनी संस्कार होत नसतो. कालव्याच्या पाण्यासारखं ते ठरल्या दिवशी सुटणारं आवर्तन आहे.

ॲडजस्ट राहिलं. त्याचंही मूळ लॅटिनच, ‘युक्स्ता’, म्हणजे जवळ, शेजारी. आणि ते संस्कृत युज् या धातूच्या घरातलं. त्याच घरातून बैलाच्या मानेवरचं जू आलं, युगलावरून जुळं आलं, आणि जुळणेही तिथलंच. तेव्हा ‘जुळवून घेणे’ मुळाला धरून अगदी बरोबर आहे. तरी ताई, तुमच्या वाक्यात मी ते घालणार नाही. जुळवून घेतात ते माणसांशी, सासरी, नव्या साहेबांशी. जू दोघांच्या मानेवर असतं, आणि ब्राउझर काही तुमच्यासाठी मान हलवत नाही. हत्याराशी जे होतं त्याला मराठीत ‘हात बसणे’ म्हणतात. टंकलेखनावर हात बसतो, शिलाईयंत्रावर बसतो. बटण डावीकडे गेलेलं डोळ्यांना दिसतंय आणि माउस तरी उजव्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर जाऊन टिचकी मारतो, तेव्हा डोळ्यांना कळलेलं असतं, हात बसायचा असतो.

‘ब्राउझर अद्ययावत झाला, पण नव्या आवृत्तीवर हात बसायला वेळ लागून राहिला.’ असं लिहा. आणि तोवर पान ताजं करायला एफ-५ दाबा, ती कळ जागची हललेली नाही.