अमेरिकेत लोक जुनी कागदी काडतुसं जपून का ठेवतात आणि रिकामी काडतुसं घरी पुन्हा का भरतात?

पहिलं कारण वास! खरंच. छर्‍याच्या बंदुकीच्या काडतुसाची नळी पूर्वी मेण मुरवलेल्या कागदाची असे. बार उडाला की बंदुकीची जळकी दारू आणि तापलेलं मेण यांचा जो मिश्र वास येतो, त्यात तिथल्या अनेकांना वडील-आजोबांबरोबरची बदकांची शिकार आठवते. १९६० मध्ये रेमिंग्टन या बंदूक-काडतुसांच्या कंपनीने प्लास्टिकचं काडतूस आणलं आणि कागद मागे पडला. कागद ओलाव्याने फुगतो, मग काडतूस बंदुकीत अडकतं. त्यामुळे तक्रार करायला फारशी जागा नव्हती. तरी फेडरल या काडतूस कंपनीने क्ले टार्गेटवाल्यांसाठी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरणार्‍यांसाठी) कागदी काडतूस पुढेही चालू ठेवलं.

पुन्हा भरणं म्हणजे जुनं प्रायमर (बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी) काढून नवं बसवायचं, दारू, वॅड (दारू आणि छर्‍यांमधला बोळा) आणि छरे भरायचे, तोंड चुण्या घालून मिटायचं. विस्कॉन्सिनच्या मेक कंपनीचा हँडलवाला प्रेस तिथल्या कित्येक गॅरेजांत दिसतो. बारा बोअरमध्ये (बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप) बचत बेताचीच. २८ किंवा ४१० या लहान मापांत जरा जाणवते. पण हिशेब हा बहुधा बायकोला सांगायचा असतो. खरी गंमत हिवाळ्यातल्या संध्याकाळी तो खटक-खटक आवाज ऐकत बसण्यात.

कागदी नळी मात्र काही बारांतच जळून खराब होते, म्हणून प्लास्टिकइतकी टिकत नाही. दारू-छर्‍यांचं मोजमापही छापील तक्त्याबरहुकूमच. अंदाजपंचे चालत नाही.

आपल्याकडे हे करून बघायचा विचार असेल तर थांबा: १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.